त का थ

पालघरच्या एका कॉलेजच्या लायब्ररीत मी शिपाई होतो. शिक्षण चौथी, तेही गुरुजींच्या मेहरबानीने. बाजारात कुणी विचारलं तर सांगायचो, "कॉलेजात असतो." काय म्हणून असतो ते समोरच्याने समजून घ्यायचं. बायकोच्या माहेरी दोघातिघांनी मला प्रोफेसर धरलं होतं. मी त्यांना कधी अडवलं नाही.

सत्तरच्या त्या सालांत लायब्ररीत पुस्तक शोधायचं म्हणजे आधी कार्ड शोधायचं. लाकडी कपाटाला छोटे छोटे खण, खणात जाड कागदाची कार्डं, दर पुस्तकाचं एक, अक्षरांच्या क्रमाने लावलेलं. इंग्रजी कार्डं ग्रंथपाल साहेब टाइप करायचे. मराठी टाइपरायटर नव्हता, त्यामुळे मराठी पुस्तकं कार्डांवाचून पडून होती. एक दिवस साहेबांनी विचारलं, हाताने लिहायची तर चांगलं अक्षर कुणाचं आहे. मी म्हटलं, माझं.

माझं अक्षर असं की आज लिहिलेलं उद्या मलाच लागत नाही. पण घरी बायको होती. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांच्या घरातली, सातवी पास. तिची अक्षरं रेघेला अशी टांगलेली असायची, जसे दोरीवर वाळत घातलेले बोंबील, एकही इकडे तिकडे नाही. पुस्तकं घरी न्यायची परवानगी नव्हती. मी पुस्तकांची नावं वहीत उतरवून न्यायचो आणि रविवारी दुपारी तिला वाचून दाखवायचो. ती मासळीचं काम उरकायची, राखेने हात घासायची, लिंबू चोळायची, मग कार्डाला हात लावायची. तरी वास जायचा नाही. साहेबांनी एकदा खण उघडून नाक मुरडलं, तेव्हा मी सांगितलं की नव्या पॉलिशचा वास आहे.

आता आमच्याकडची बोलायची तऱ्हा अशी की आम्ही 'आमी' म्हणतो, 'तुमी' म्हणतो. जड अक्षर जिभेला झेपत नाही, हलकं करून सोडतो. जसं बोलायचो तसंच मी वहीत लिहायचो. पण ती सातवीपर्यंत गेलेली. मध्येच हात थांबवायची.

"अर्तशास्त्र? त का थ?"

"कवरावर हाय तेच लिवलंय," मी म्हणायचो. "कॉलेजात कोण जातं, तू का मी?"

ती मग त लिहायची.

साहेब कार्डांवर खूष झाले. अक्षर एवढं देखणं असलं की शुद्धलेखन कोण बघतो? स्टाफरूममध्ये मला बोलावून कौतुक केलं. मी मान खाली घालून उभा राहिलो, आणि लोकांना तो विनय वाटला. घरी येऊन तिला सांगितलं, साहेबांना कार्डं आवडली. "माजं नाव सांगितलं?" तिने विचारलं. मी म्हटलं, सांगेन. वीसेक वर्षं मी सांगणार होतो. ती गेली तोवर सांगितलं नव्हतं.

ती गेल्यानंतरच्या वर्षी लायब्ररीत कॉम्प्युटर आला. बोईसरची एक मुलगी ठेवली कार्डं बघून त्यात भरायला. वडील तिकडे कारखान्यात, त्यामुळे बोलण्यात निम्मं हिंदी. मला ते खोकं पटलं नव्हतं. मी त्याच्यावर रोज ओलं फडकं मारायचो आणि ती रोज ओरडायची. पूर्वी परदेशातली संशोधनाची मासिकं टपालाने यायची, मी गठ्ठे सोडून शिक्के मारायचो. तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या वसाहतीतली पोरं ती वाचायला यायची. आता अख्ख्या वर्षाची मासिकं एका चकतीवर आली. आलेल्या मालावर शिक्का मारायचा हा माझा नियम. चकतीच्या चकचकीत बाजूला जागा रिकामीच होती. दणकून मारला. ती चकती काही चालली नाही.

मग एक दिवस अर्थशास्त्राच्या मास्तरांनी पुस्तक मागितलं. कॉम्प्युटर म्हणाला, नाही. मी आत गेलो आणि फळीवरून काढून हातात दिलं. असं चार-पाच वेळा झालं. मी छाती काढून फिरायला लागलो. मशीन हरलं, चौथी पास जिंकला.

पाचव्या-सहाव्या वेळी त्या मुलीने मूळ कार्डच काढलं. 'अर्तशास्त्र'. मग आणखी खणांतली काढली. 'अब्यास'. 'विद्यार्ती'. त नि थ, ब नि भ मुळाक्षरांत शेजारी शेजारी, म्हणून इतकी वर्षं कार्ड दोन बोटं मागेपुढे झालं तरी हाताला लागत होतं. कॉम्प्युटरला शेजारपाजार कळत नाही.

"मामा, ये किसने लिखा?" ती हसत म्हणाली. "कोणी अनपढ होता क्या?"

साहेब तिथेच होते, दोन मास्तरही होते. साहेब म्हणाले, मामांनीच लिहिलंय, अक्षर बघ. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

कौतुक होतं तेव्हा अक्षर माझं होतं. आता चुका निघाल्या तेव्हा बायकोचं म्हणायला जीभ उचलली होती, खोटं सांगत नाही. ती काही येऊन भांडणार नव्हती. पण मला तिचे राख लावून घासलेले हात दिसले.

"अक्षर माज्या मंडळीचं हाय," मी म्हटलं. "चुका माज्या. ती विचारत होती, मीच दटावली."

साहेबांनी चष्मा काढला. "इतकी वर्षं बोलला नाहीत?"

"नाय बोललो."

मास्तर कुठेतरी कामाला निघून गेले. साहेबांनी एक कार्ड उचलून बराच वेळ बघितलं आणि विचारलं, बाई आता कशा आहेत. गेल्या वर्षीच गेली, हेही मी त्यांना सांगितलं नव्हतं. रजेच्या अर्जात 'घरगुती काम' लिहिलं होतं.

मग दोन महिने मी त्या मुलीजवळ बसून, पुस्तकांची कवरं बघून चुका सांगत होतो. त आणि थ मधला फरक मला ऐकून कळेना, तेव्हा तिने युक्ती शिकवली. तळवा तोंडासमोर धरा. त म्हटलं तर काही नाही, थ म्हटलं तर वारा लागतो. पन्नाशी उलटलेला माणूस लायब्ररीत तळहातावर फुंकत बसलेला पोरं बघून जायची.

दुरुस्ती झाली तशी कार्डं रद्दीत निघाली. मी 'अ' चा खण मागून घेतला. वास अजून आहे, घरातली मांजर खणापाशीच बसते. दुपारी कधी 'अर्तशास्त्र'चं कार्ड काढतो, तळवा समोर धरतो आणि म्हणतो, थ. वारा लागतो. परत एकदा म्हणतो.

शेजारीण कुडावरून विचारते, काका, कोनाशी बोलता?

मी सांगतो, बायकोशी. तिनं एक विचारलं होतं, ते सांगायचं राहिलं होतं.