एकोणचाळीस छातीचा कोट

"वहिनी, कात्री चालवा! गोदामातल्या कामगारांच्या एकशेवीस मापांची बेरीज केली, भागाकार केला, एकोणचाळीस आले. सगळे कोट एकोणचाळीस छातीचे. विषय संपला."

"मग त्या एकोणचाळीसवाल्याला आणा की समोर, भाऊजी. दर्शन तरी घेते."

"टिंगल नको. सहा मापं म्हणजे कापायचे सहा कागदी खाके, सहादा कापडाचे थर लावा! परवा माल द्यायचाय."

शिवणकारखाना दिरांचा, पण कापायचं टेबल वहिनींचं. नवरा गेला त्या महिन्यात त्यांनी त्याची कात्री उचलली, त्याला बावीस वर्षं झाली. शाळा सातवीपर्यंतच. पण आलेली मापं खडूनं टेबलावर मांडल्याशिवाय त्यांनी कधी कापडाला कात्री लावली नाही. आज तर कापड अगदी मोजून आलेलं. चुकलं तर पुन्हा मिळायचं नाही, आणि या एका गिऱ्हाइकावर सहा मशिनी चालत होत्या.

"वाचा एकेक," वहिनी म्हणाल्या.

दीर कपाळाला आठ्या घालून वहीतून वाचू लागले. वहिनींनी चौतीस ते चव्वेचाळीस असे सहा रकाने आखले. माणूस आला की त्याच्या रकान्यात एक रेघ. चार उभ्या, पाचवी आडवी, झाली जुडी. रेघा वर चढत गेल्या. मशिनी एकेक करून थांबल्या, बायका माना उंचावून बघू लागल्या.

छत्तीसवर सात जुड्या आणि एक रेघ. बेचाळीसवर सात जुड्या आणि दोन. त्यांच्या बाहेरच्या बाजूंना चौतीस आणि चव्वेचाळीस, चार-चार जुड्या. मधे अडतीसवर तीन रेघा, चाळीसवर चार.

"अगं बाई, दोन डोंगर!" काजं करणारी म्हणाली.

"इकडच्या डोंगरावर पॅकिंगच्या बायका, तिकडच्यावर हमाल," वहिनी म्हणाल्या. "भागाकार करताना दोघांना एकाच पोत्यात भरलंत, भाऊजी. एकोणचाळीस आहे या दरीत. तिच्या काठाला सात माणसं. बाकी एकशेतेरांपैकी कुणाचा कोट तंबू, कुणाची बटणं उडणार."

"हिशेब चुकला नव्हता माझा."

"मुळीच नाही. फक्त कुठल्या मापाची किती माणसं, हे विचारायचं राहिलं. रेघ उंच तिथं कोट जास्त, एवढंच."

दिरांनी त्या खडूच्या डोंगरांवरच्या जुड्या बोटानं पुन्हा मोजल्या.

"बोला, सहा खाके काढू?"

दिरांनी वही मिटली, चपला पायात सरकवल्या आणि खाक्यांचा कागद आणायला चालते झाले.