मामाचा पहिला घास

दिनांक ३ फेब्रुवारी १९९६, शनिवार. पहाटे घरातून निघालो तेव्हा खिशात सातशे चाळीस रुपये होते आणि निरोप द्यायला दारात आई, पत्नी व धाकटा मुलगा उभे होते. अमळनेरहून सुरतेला जायचे होते. माझी धाकटी बहीण विमल तिथे उधन्याला राहते. तिचे यजमान भास्करराव यंत्रमागाच्या कारखान्यात कामाला आहेत. लग्नानंतर दहा वर्षांनी त्यांना मुलगा झाला. आता त्या अकरा महिन्यांच्या मुलाचे जाऊळ काढायचे होते. जाऊळ मामाच्या मांडीवर काढतात, म्हणून मी निघालो.

आईने पत्र्याचा एक डबा हातात दिला.

"काळा मसाला आहे. विमलच्या सासूला सांग, बोकडाला हाच घाला, बाजारातला नको. तू खाणार नाहीस, पण निदान वास घेऊन ये."

आम्ही घरात अहिराणी बोलतो. वाचकांच्या सोयीसाठी बहुतेक संभाषण इथे साध्या मराठीत दिले आहे.

नंदुरबार येण्याच्या आधीच डब्याचे झाकण निघाले. पिशवीतला टॉवेल, माझा सदरा आणि शेजारच्या माणसाची वळकटी, सगळे काळ्या मसाल्याने माखले. मी ओशाळलो. तो गृहस्थ मात्र वळकटी हुंगून म्हणाला, "राहू द्या. उधन्याला खोलीत आम्ही सहा जण राहतो. रात्री हिच्याच वासावर भाकरी खाऊ." तोही धुळ्याकडचा निघाला.

"बोकडाचा बेत दिसतो. चैन आहे तुमची."

"मी खात नाही."

"माळकरी का?"

"नाही."

"मग डॉक्टरनं बंद केलं असेल."

तेही नाही म्हटल्यावर तो माझ्याकडे जरा संशयाने पाहू लागला. तेव्हा त्याला खरे कारण सांगितले. दोन वर्षांपूर्वी मी आईला काशीला नेले होते. काशीला गेलेला माणूस आपल्या आवडीचा एक पदार्थ तिथे कायमचा सोडून येतो, ही आपली जुनी रीत. आमच्याबरोबरच्या यात्रेकरूंपैकी बहुतेकांनी कारले सोडले. एकाने सुरण सोडला, जो त्याने आयुष्यात दोनदाच खाल्ला होता. मीही दुधी भोपळा म्हणणार होतो. आई घाटाच्या पायरीवर बसली होती. ती म्हणाली, "देवाला फसवू नकोस. ज्याच्या नावानं तोंडाला पाणी सुटतं ते सोड." माझ्या बाबतीत त्याचे उत्तर एकच होते. मटण गेले, आणि त्याच्या मागोमाग अंडी व मासेही सोडले. उगाच पळवाट राहायला नको.

शेजारी वळकटी पुन्हा एकदा हुंगून म्हणाला, "कारलं चाललं असतं हो."

नवापूरचे स्टेशन निम्मे महाराष्ट्रात आणि निम्मे गुजरातेत आहे. मी चहा महाराष्ट्रात घेतला आणि पीत पीत गुजरातेत जाऊन उभा राहिलो. पुढे सागाची झाडे लागली, मग व्यारा आले, आणि बारडोलीपासून दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. दुपारी उधन्याला उतरलो. स्टेशनाबाहेर पडताच मागांची खटखट ऐकू येऊ लागली. ती मुक्काम संपेपर्यंत कानात राहिली.

भास्कररावांनी सुट्टी घेतली होती. ते म्हणाले, "दादा, घरी जायच्या आधी सुरत दाखवतो," आणि मला थेट तापीच्या काठावर घेऊन गेले. दीड वर्षापूर्वीच्या प्लेगच्या साथीनंतर या शहराने कंबर कसली आहे. रस्ते झाडलेले होते आणि कचऱ्याचे ढीग मला कुठे दिसले नाहीत. नदीकाठी पोंकचे (ज्वारीचा कोवळा हुरडा) मांडव लागले होते. आपल्याकडे हुरडा शेतात, गोवऱ्यांच्या आगटीभोवती बसून खातात. इथे तो कागदावर तोलून देतात. वर लिंबू-मिऱ्याची शेव, साखरेचे दाणे, आणि सोबत ताकाचा पेला. हिरवेगार दाणे दाताखाली फुटले की दूध येत होते. मी पाव किलो संपवला आणि आणखी मागवला.

भास्करराव खुशीत होते. "उद्या खरी मजा. कामरेजच्या बाजूला आपल्या लोकांनी एका शेतात देवीचा तांदळा (शेंदूर लावलेला दगड) बसवला आहे. बोकड मी स्वतः निवडला. आणि आमच्या घरातली रीत ठाऊक आहे ना? पहिला घास मामाचा. मामानं खाल्ल्याशिवाय पंगत उठत नाही की बसत नाही. नवस फिटला तो तेव्हा."

ही रीत आमच्या घरात नाही. माझा हात कागदावरच थांबला. तेव्हाच सांगायला हवे होते, पण त्यांचा चेहरा इतका फुललेला होता की मी ते घरी गेल्यावर सांगायचे ठरवले.

घर म्हणजे एका चाळीतली मागची खोली, पुढे पत्र्याची पडवी. विमलने दारातच माझ्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि मुलगा माझ्या हातात दिला. त्याचे केस खांद्यापर्यंत आले होते. विमलच्या सासूबाई भिंतीला टेकून तांदूळ निवडत होत्या. मी मसाल्याचा उरलेला डबा त्यांच्यापुढे ठेवला. एवढ्यात घरमालकीण शारदामासी चहा घेऊन आल्या. या साठीच्या, गुजराती, एकट्या राहतात आणि स्वभावाने प्रेमळ, पण बोलण्याला चाळणी नाही. बोलता बोलता मी खात नसल्याचे त्यांनी काढून घेतले.

"बहु सरस, भाई. तुम्हारी बेन भी नहीं खाती. इसीलिए तो मैंने रूम दिया था." मग त्या भास्कररावांकडे वळल्या. "देखो भास्कर, साले ने भी छोड़ दिया. अब तुम भी सुधर जाओ."

चहाचे कप घेऊन मासी गेल्या.

"दादा, केव्हापासून?" भास्कररावांनी विचारले.

"दोन वर्षं झाली."

"आणि उद्या?"

मी मुलाचे केस सारखे करू लागलो. भास्करराव हळू आवाजात बोलत होते, म्हणून ते जास्त लागले. "कारखान्यात शेठ म्हणतो, तुम्ही लोक खाता म्हणून तापट. इथे मासी म्हणते सुधर. रोज ऐकतो, रोज हसून सोडतो. आता आपल्याच घरातला माणूस सुधरून आला."

"सुधरलो नाही हो," मी म्हणालो आणि काशीचा सगळा प्रकार सांगितला. "वाईट असतं म्हणून नाही सोडलं. सगळ्यात आवडतं म्हणून सोडलं. मासींनी मला शाबासकी दिली ती चुकीच्या खात्यावर पडली आहे."

भास्करराव थोडेसे हसले. विमल मात्र हसली नाही. मुलाला मांडीवर घेऊन ती म्हणाली, "माझंही तसंच आहे, दादा."

सात वर्षांपूर्वी माहेरी आली असताना तिने आमच्या गावच्या देवीला नवस बोलला होता: मूल झाले तर बोकड देईन, आणि तोवर स्वतः मटणाला शिवणार नाही. आम्हा कुणाला तिने हे सांगितले नव्हते; माहेरी मटण झाले की पोट बिघडल्याचे सांगायची. मासींना ती शाकाहारी वाटली, आणि खोली हवी होती म्हणून विमलने ते तसेच राहू दिले. उद्या नवस फिटायचा होता.

"घास राहिला तर नवस राहिला," सासूबाई तांदळातून मान वर न करता म्हणाल्या.

विमलने मुलाचे डोके छातीशी धरले. "याला काही झालं तर मी कुणाला विचारू?" एवढेच ती बोलली. दहा वर्षांनी झालेले मूल होते.

रविवारी सकाळी टेम्पोने कामरेजला गेलो. आसपासच्या चाळींतली आपलीच पंचवीसेक माणसे होती. शेत केळीचे होते, बांधावर आंब्याचे एक झाड, त्याखाली शेंदूर लावलेला दगड. हवेत बेताचा गारवा होता. मी मांडी घातली आणि मुलाला माझ्या मांडीवर बसवले. न्हावी हळुवार हात चालवत होता, तरी पोरगे रडलेच. केस माझ्या धोतरावर पडत होते. उघडे झालेले ते डोके मी तळहातावर धरले होते. कोमट होते आणि टाळूची नस उडत होती. तेव्हाच माझ्या मनाने घेतले.

न्हावी उठल्यावर मी भास्कररावांना बाजूला बोलावले. "पहिला घास मी घेतो. काशी काय, पुन्हा करता येईल. पुन्हा जाईन आणि पुन्हा सोडेन."

"खर्च?"

"तो माझा मी बघेन."

"बघू," म्हणून ते चुलीकडे गेले.

तिथे तीन चुली पेटल्या होत्या. दोन मोठ्या पातेल्यांत मटण होते. तिसरी चूल दूर, झाडाच्या पलीकडे होती. तिच्यावर भास्करराव स्वतः वांगी भाजत बसले होते. वांगी त्यांनी पहाटेच बाजारातून आणली असावीत, कारण आदल्या दिवशी घरात एकही नव्हते. माझ्या भरताचा डाव वेगळा होता आणि चुकून अदलाबदल होऊ नये म्हणून त्यांनी त्याच्या दांड्याला लाल दोरा बांधला होता. मी तो दोरा पाहिला. त्यांनी मला पाहताना पाहिले, आणि वांगी उलटायला घेतली.

मटणात आईचा मसाला पडला तेव्हा वास शेताच्या टोकापर्यंत गेला. माझ्या तोंडाला पाणी सुटले. हे लिहायलाच हवे, नाहीतर मी सोडले त्याला अर्थ नाही.

पंगत बसली. देवीपुढे ताट ठेवले, तेच मग माझ्यापुढे आणले. सासूबाई समोर, विमल माझ्या उजव्या हाताला, मूल तिच्या मांडीवर. सगळे थांबले होते. मी भाकरीचा तुकडा मोडला, त्यात मटणाचा एक तुकडा धरला आणि हात उचलला. तो तोंडाजवळ आला असेल नसेल, तोच विमलने माझे मनगट धरले. लहानपणी आंब्याच्या फोडीसाठी धरायची तसेच, घट्ट. तिने हात स्वतःकडे वळवला आणि माझ्या हातातला घास खाल्ला.

सगळ्यांचे डोळे सासूबाईंकडे. त्यांनी सुनेकडे पाहिले, मग माझ्या रिकाम्या बोटांकडे. बराच वेळ त्या चघळल्यासारखे तोंड हलवत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "देवीले मामाना हात लागस. मामानं पोट नही लागत." (देवीला मामाचा हात लागतो. मामाचे पोट लागत नाही.)

"आणि सात वर्षांनी खाल्लं ते कसं लागलं?" भास्कररावांनी बायकोला विचारले.

विमल शांतपणे चावत होती. "मीठ कमी पडनं," ती म्हणाली.

तेव्हा पंगत हसली आणि जेवायला लागली. मी चार भाकऱ्या भरताबरोबर खाल्ल्या. विमलने मटण तीनदा घेतले. दर वेळी वाढणाऱ्याने विचारायच्या आत तिचे ताट पुढे होत होते.

सोमवारी सकाळी भास्कररावांनी नाक्यावरून लोचो (डाळीच्या पिठाचा वाफवलेला मऊ, विस्कटलेला प्रकार, वरून तेल आणि शेव) आणला. मासी निरोपाला आल्या. विमलने त्यांना सरळ सांगून टाकले, "मासी, मैं खाती हूँ. सात साल का नवस था, कल पूरा हुआ. आपके रूम में नहीं पकाऊँगी. बाहर खाऊँगी."

मासी तोंडाला पदर लावून बसल्या. खोली जाते की काय, असे मला वाटले. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "छोकरा माटे छोड्युं हतुं?" (मुलासाठी सोडले होते?)

"हो."

"तो बराबर." मग माझ्याकडे वळून, "अने तमे, भाई?"

"बहुत पसंद था, इसलिए."

मासींना ते पटकन उमगले नाही. उमगले तेव्हा त्या म्हणाल्या, "मैंने तो कभी चखा ही नहीं. मेरा क्या छोड़ना." आणि मुलाचे बोडके डोके कुरवाळून त्या आपल्या खोलीत गेल्या. खोली राहिली.

निघताना विमलने पिवळ्या फडक्याची एक छोटी गाठ माझ्या हातात दिली. नवस बोलताना देवीच्या नावाने बांधून ठेवलेला सव्वा रुपया होता तो. "बोकड इथे दिला, पण हे तिथेच पोचलं पाहिजे," ती म्हणाली. मी ती गाठ वरच्या खिशात ठेवली, पैशांपासून वेगळी.

परतीच्या गाडीत मी बराच विचार केला. कुणी जन्मापासून खात नाही, कुणी देवासाठी सोडतो, कुणी मुलासाठी सोडून मुलासाठीच पुन्हा धरतो. ताटात काय नाही हे पाहून माणूस कळत नाही. ते का नाही, हे विचारावे लागते, आणि विचारून झाल्यावर शाबासकी वा सल्ला न देता उठावे लागते. मी पुढेही खाणार नाही. एका घासासाठी हात उचलला होता, पण तो घास माझ्या तोंडात गेला नाही. तो कुणी अडवला हे मला माहीत आहे, म्हणून आता सोडणे आधीपेक्षा सोपे वाटते.

घरी पोचलो तेव्हा आई ओट्यावरच होती.

"मसाला कसा झाला?"

"वास चांगला होता. विमल म्हणाली, मीठ कमी."

"मसाल्यात मीठ नसतं," आई म्हणाली. "विमलनं खाल्लं म्हणतोस?"

मग तिला सगळे सांगितले. तिने सदऱ्याला लागलेला मसाला बोटाने पुसला आणि उठून दिवा लावला.

भाडे, मुलाचे कपडे, विमलची साडी, न्हाव्याचा मान आणि घरच्यांसाठी आणलेला एक किलो पोंक जाऊन खिशात एकशे बारा रुपये उरले. मंगळवारी सकाळी देवळात जाऊन फडक्याची गाठ सोडली. आत एक रुपयाचे नाणे आणि चार आण्याचे नाणे होते, दोन्ही काळवंडलेली. ती धुऊन, पुसून, विमलच्या नावाने देवीपुढे ठेवली. एकूण दिले सव्वा रुपया, देवीला.