पंचेचाळीसचा फरक

माझे धाकटे दीर डॉरेल फाइक्स हार्लोच्या शाळेत फुटबॉलचे, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायच्या अमेरिकी फुटबॉलचे, कोच होते, तेव्हा त्या गावात कुणी त्यांना कॉफीचं बिल देऊ देत नसे. मग एका वर्षी संघ बाद फेरीत हरला. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी पेपर उचलायला दारात आले, तर अंगणभर ‘घर विकणे आहे’च्या पाट्या. हरलेल्या कोचच्या अंगणात पाटी रोवायची आमच्याकडे रीतच आहे. एखाददुसरी असली तर माणूस हसून उपटून टाकतो. इथे पाय ठेवायला जागा नव्हती. आणि शेवटची पाटी ठोकत होते शाळा समितीचे अध्यक्ष हॉइट लिंडमन. स्वतः, हातोडा घेऊन. पुढे नोकरीही त्यांनीच घालवली.

भाऊजी आमच्याकडे प्रुइटला आले, मागच्या खोलीत राहिले.

“वहिनी, मी कुणाचं वाईट चिंतत नाही,” पहिल्याच जेवणाला ते म्हणाले. “एक हॉइट सोडून.”

“आत्ताच प्रार्थना झालीय, भाऊजी. अजून घास गिळला नाही.”

“म्हणून तर खोटं बोललो नाही.”

आमच्या प्रुइटच्या संघाची दशा काय सांगावी! एवढ्याशा गावात अकरा पोरं आणायची कुठून, म्हणून या भागात सगळीकडे सहा-सहांचाच खेळ. त्यात एक नियम आहे: मध्यंतराला किंवा त्यानंतर कधीही एका संघाची पंचेचाळीसची आघाडी असली की सामना तिथेच बंद. आमची पोरं मध्यंतरालाच घरी येत. मी रश्शाखालचा गॅसही बंद करत नसे.

तेव्हाचे कोच ब्रँडल मास्तर, इतिहास शिकवणारे, तरुण आणि गरीब स्वभावाचे. त्यांनी भाऊजींना मदतीला या म्हणून गळ घातली. भाऊजी एक सराव बघून आले आणि माझ्या ओट्याशी उभे राहिले.

“कोल्बी तेवढा पळतो, म्हणून प्रत्येक वेळी चेंडू कोल्बीला. समोरच्यांना हे आंधळ्यालासुद्धा दिसतं.”

“मग कुणाला द्यायचा?”

“ज्याच्यावर सगळ्यांचे डोळे, त्याला रिकाम्या हाताने पळवायचं. चेंडू नेस्टरला.”

मी हसले. नेस्टर किरोगा म्हणजे मधोमध ओणवा होऊन चेंडू मागे देणारा आमचा जाडा पोरगा. सहांच्या खेळात त्यालाही चेंडू झेलता येतो, पण तसा विचार कुणी करत नाही. त्याच्या आईनेही केला नसेल.

दुसरी अडचण इशाऱ्यांची. मास्तरांनी प्रत्येक चालीला आकडे दिले होते आणि पोरं ते विसरत. भाऊजींनी आकडे काढले आणि चर्चच्या रविवारच्या जेवणातले पदार्थ घातले. कोंबडी म्हणजे चेंडू घेऊन कोल्बी उजवीकडे. चवळी म्हणजे डावीकडे. पीच पाय, तो शेवटचा गोड पदार्थ, म्हणजे नेस्टरकडे उंच फेक. जेवणाचं नाव आमची पोरं विसरणं शक्य नव्हतं. पहिला सामना तरीही हरलो, पण पूर्ण वेळ खेळून. दुसरा जिंकलो. मग हार्लोची पाळी आली.

होमकमिंगचा सामना होता त्यांचा. होमकमिंग म्हणजे सगळ्या गावाचं माहेरपण. जुने विद्यार्थी परततात, पोरी छातीवर ताटाएवढी शेवंती आणि पायापर्यंत लोंबणाऱ्या फिती मिरवतात, मध्यंतरात शाळेतल्या पोरींतून निवडलेल्या राणीला मुकुट चढतो. त्या दिवशी हरायचं नसतं. म्हणून वेळापत्रक करताना सगळ्यात दुबळा पाहुणा बघून ठेवतात. हार्लोने आम्हाला बघून ठेवलं होतं. आणि यंदा राणी होणार होती हॉइटची लेक.

“मध्यंतरापर्यंत पंचेचाळीस,” भाऊजी म्हणाले. “मुकुटाच्या आधी सामना संपवायचा. दुसरं काही मागत नाही मी.”

“देवाकडे असलं मागू नये.”

“देवाकडे नाही मागत. नेस्टरकडे मागतोय.”

शुक्रवारी हार्लोचं मैदान फुलून गेलं होतं. भाऊजी ओरडले, “पीच पाय!” हार्लोची सगळी पोरं कोल्बीमागे धावली आणि नेस्टर एकटाच, जत्रेतल्या बैलासारखा डुलत, रेषेपलीकडे गेला. पुन्हा पाय. मग चवळी. पुन्हा पाय. आमच्या बाकांवरून बायका ओरडायला लागल्या, “वाढा अजून! पोट नाही भरलं त्यांचं!” मीही ओरडले असेन.

मध्यंतराची वेळ भरता भरता कोल्बी चेंडू घेऊन रेषेपलीकडे गेला, टचडाउन! आघाडी चव्वेचाळीस. एक कमी. आता टचडाउननंतर मिळणारी जादा गुणांची एक संधी होती: लाथ मारून दोन, किंवा पळून एक.

ब्रँडल मास्तर म्हणाले, “डॉरेल, गुडघा टेकून ही संधी सोडू दे पोरांना. ती राणी तिथे तयार उभी आहे. एवढं पुरे.”

“मास्तर, माझ्या अंगणात कुणी पुरे म्हणालं नव्हतं.”

हार्लोचे तीन जण आता नेस्टरला चिकटले होते. भाऊजींनी ते पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, “कोंबडी.”

कोल्बीला कुणी हातही लावला नाही. पंचांनी दोन्ही हात वर केले, शिट्टी वाजली, सामना संपला. हार्लोच्या बाकांवरून लोक उठायला लागले. वाजंत्रीवाल्या पोरांना वाजवावं की वाद्यं गुंडाळावीत कळेना.

हॉइट मैदान ओलांडून आले. चेहरा वांग्यासारखा. “मुकुट तरी होऊ द्यायचा होतास, डॉरेल.”

“करा की. मैदान तुमचंच आहे. आम्ही निघतो.”

पाहुण्यांनी थांबून राणीसाठी टाळ्या वाजवायच्या, ही रीत आहे. भाऊजींनी पोरांना सरळ बसमध्ये घातलं आणि स्वतः स्टिअरिंगवर बसले. मी कुंपणाशी उभी होते. ती पोरगी फितींचा बोजा सावरत मैदानाच्या मध्यात उभी होती. समोरचे निम्मे बाक रिकामे. तिच्या डोळ्यांतलं काजळ ओघळलं होतं. मी टाळी वाजवायला हात उचलले, तोच भाऊजींनी हॉर्न दाबला.

“वहिनी, चला!”

मी बसमध्ये चढले. मागून लाउडस्पीकरवर तिचं नाव ऐकू आलं.

“त्या पोरीने काय केलं होतं तुमचं?” मी विचारलं.

“काही नाही.”

“मग?”

“तिचा बाप बघत होता ना? बस.” त्यांनी गिअर टाकला. “पोरांनो, कुणाला भूक लागलीय?”