यादीतली सातवी ओळ

पैलवानाला प्लास्टिकची खुर्ची देऊ नये. कबड्डीपटू पाहुणा असेल आणि स्टेजला तीनपेक्षा जास्त पायऱ्या असतील तर एका बाजूला कठडा हवा, कारण या लोकांचे गुडघे पन्नाशीच्या आतच रुसलेले असतात. क्रिकेट खेळलेल्या माणसाला शेवटी बोलू द्यावं. आधी बोलला तर मुलं सह्या घ्यायला त्याच्या मागे जातात आणि अध्यक्ष रिकाम्या सतरंजीला उपदेश करतात.

हे सगळं माझ्या वहीत लिहिलेलं आहे. नोकरी एका शिक्षणसंस्थेच्या कार्यालयात, नगरला. पण गेली बारा-तेरा वर्षं फावल्या वेळात मी हेच करते. शाळांची स्नेहसंमेलनं, कॉलेजांचे क्रीडादिन, कारखान्यांचे नि पतसंस्थांचे मेळावे यांना निवृत्त खेळाडू पाहुणे म्हणून मिळवून देते. वहीत प्रत्येक खेळाडूला एक पान. चहा बिनसाखरेचा की साधा, किती वेळ बोलतात, किती वेळ बोलू द्यावं, आणि शेवटी एक रकाना : काय विचारू नये. एका धावपटूला त्याच्या मुलाबद्दल विचारू नये. एका मल्लाला हरलेल्या शेवटच्या कुस्तीबद्दल विचारू नये, नाहीतर तो पाऊण तास तीच लढतो.

कार्यक्रम ठरला की मी आयोजकांना एक कागद पाठवते. दहा ओळींचा. गाडी कुठे थांबेल इथपासून पाहुण्यांना निरोप कोण देईल इथपर्यंत. त्या कागदाचा मला अभिमान होता. लोक म्हणायचे, बाईंचा कागद आला की डोळे मिटून चालायचं.

दोन वर्षांपूर्वी संक्रांतीच्या आधी देवळाली प्रवराहून फोन आला. तिथल्या महिला बचत गटाच्या अध्यक्षा. साठीच्या, शेती करणाऱ्या, आवाज असा की मोबाईल कानापासून वीतभर लांब धरावा.

"औंदा आमाला बाईमाणूस पाठवा. मागच्या टायमाला तुमी पैलवान दिला, त्यानं चारशे बायांना जोर कसे मारायचे ते सांगितलं. आमी काय रोज कमी जोर मारतो का?"

मी हसत वही उघडली, पण पान आधीच ठरलं होतं. ताईचं.

ताई म्हणजे आमच्या कोपरगावच्या शाळेच्या खो-खो संघाची कर्णधार. मी त्या संघात सगळ्यात लहान, नववा-दहावा नंबर, बहुतेक वेळ पाण्याच्या बाटल्या सांभाळणारी. ताई पुढे राज्याकडून खेळली, राष्ट्रीय स्पर्धेत सुवर्णपदक घेऊन आली, तेव्हा पेपरात तिचा खुंटावर झेप घेतानाचा फोटो छापून आला होता. लग्न होऊन ती भिंगारला गेली. तिचे यजमान लष्कराच्या एका कार्यालयात नोकरीला होते. नोकरीतच गेले, हृदयविकारानं. त्याआधी मी तिला किमान पंधरा शाळांत नेली असेल. मुलींना ती स्टेजवरून खाली उतरायला लावायची आणि भाषण सोडून खो द्यायला शिकवायची. यजमान गेल्यावर मात्र दोन वर्षं ती कुठेच आली नाही. कुणी काही म्हणालं नव्हतं. म्हणावं लागत नाही.

मी भिंगारला गेले. तिनं पोहे केले. देवळालीचं सांगितल्यावर ती बराच वेळ ओट्याकडे तोंड करून भांडी पुसत राहिली.

"संक्रांतीचा कार्यक्रम आहे बारके. हळदीकुंकवाचा. मला कशाला मधे घालतेस?"

"तू पाहुणी म्हणून येणार आहेस. सगळं पाहुण्यांसारखंच होईल."

"सगळं?"

"सगळं. माझा कागद असतो ना."

मग ती मोकळी झाली. काय बोलायचं तेही तिथंच ठरवून टाकलं. "शेवट सांगू? चौकोनात खेळाडू बसलेला असतो ना, त्याला खो मिळाल्याशिवाय उठता येत नाही. नियम आहे. पण बसायचं कसं, तर पाय तयार ठेवून. मी दोन वर्षं तशी बसलेय, असं सांगणार. बायकांना पटेल की नाही?"

पटेल म्हटलं. निघताना तिनं देवापुढचा करंडा आणला आणि आपल्या हातानं मला कुंकू लावलं. मी जरा थबकले असेन, कारण ती लगेच म्हणाली, "आमच्या घरात हे असंच चालतं. ते गेले. माझा हात नाही गेला."

तिच्या स्वतःच्या कपाळावर तेव्हा छोटी मरून टिकली होती.

घरी येऊन मी कागद तयार केला. महिला पाहुण्यांसाठी माझा एक ठरलेला मसुदा आहे, त्यात सातवी ओळ अशी : पाहुण्यांना हळदीकुंकू, खणानारळानं ओटी. छापून झाल्यावर पेन घेऊन तपासायला बसले आणि सातव्या ओळीवर थांबले.

मला एक जुना प्रसंग आठवला. एका शाळेत असंच ताट घेऊन एक बाई पाहुणीपर्यंत आल्या, कुणीतरी मागून कुजबुजलं आणि त्यांचा हात अर्ध्यावर थांबला. त्या पाहुणीचा चेहरा मी विसरलेले नव्हते. ताईच्या बाबतीत असं होता कामा नये. मी सातवी ओळ खोडली आणि शेजारी लिहिलं : फक्त शाल व पुष्पगुच्छ. 'काय विचारू नये' मध्ये लिहिलं : यजमानांबद्दल, दोन वर्षांपूर्वी वारले. कागदाचा फोटो काढून पाठवला. अडचण येण्याआधीच मिटवल्याचं एक समाधान असतं, ते मला त्या दिवशी पुरेपूर मिळालं.

ताईला एक फोन करायला दोन मिनिटं लागली असती.

कार्यक्रमाच्या दिवशी भिंगारहून तिला घेतलं. आंबा रंगाची, जांभळ्या काठांची साडी नेसली होती. तिला रंगीत साडीत मी दोन वर्षांनी पाहत होते. कपाळ मात्र मोकळं होतं. टिकली नव्हती. मी मनात म्हटलं, बघ, तिनंही चारचौघांत कसं जायचं ते ठरवलंय. ओळ खोडली ते बरंच केलं.

राहुरीच्या पुढे उसाच्या ट्रॉल्यांमागे आम्ही अडकलो. ताई खिडकीतून ट्रॅक्टरवाल्याला हात करत होती. "याला खो दे गं कुणीतरी, उठतच नाही जागचा!" ड्रायव्हरही हसला. मी घड्याळ बघत होते.

मंगल कार्यालय भरलेलं होतं. पुढे तरण्या बायका, लेकरं, तिळगुळाच्या पाट्या. मागच्या भिंतीशी आठ-दहा बायका वेगळ्या बसलेल्या. कुणाचं कपाळ कसं आहे ते मी पाहिलं नाही. मी माईक पाहत होते.

स्टेजवर चौघी : अध्यक्षा, गावातल्या डॉक्टर बाई, नगरसेविका बाई आणि टोकाला ताई. सूत्रसंचालन करणाऱ्या शिक्षिकेच्या हातात माझा कागद होता. हळदीकुंकवाचं ताट निघालं. अध्यक्षांना लावलं, डॉक्टर बाईंना लावलं, नगरसेविका बाईंना लावलं. ताट घेतलेल्या बाई एक पाऊल पुढे आल्या. ताईनं डोक्यावरचा पदर दोन बोटांनी मागे सारला आणि कपाळ किंचित पुढे केलं.

त्याच वेळी शिक्षिकेनं कागदातून वाचलं, "आता पाहुण्यांचा सत्कार शाल आणि पुष्पगुच्छ देऊन करण्यात येत आहे." ताटवाल्या बाईंनी एकदा शिक्षिकेकडे पाहिलं आणि त्या मागे फिरल्या.

ताई तशीच वाकलेली होती. किती वेळ ते मला सांगता येत नाही. तीन सेकंद असतील. मग तिनं पदर पुन्हा पुढे ओढला, शाल घेतली, हात जोडले.

ती बोलली. नेहमीसारखीच बोलली, सुजलेल्या घोट्यानं खेळलेला अंतिम सामना सांगितला, बायकांना हसवलं. फक्त तो शेवट तिनं सांगितला नाही. बसलेल्या खेळाडूचा. "सगळ्यांना संक्रांतीच्या शुभेच्छा" म्हणाली आणि बसली. कुणाच्या लक्षात आलं नसेल. मला तो शेवट पाठ होता.

ताई गाडीत जाऊन बसली. निरोप द्यायला अध्यक्षा आल्या होत्या, त्यांनी मला बाजूला ओढलं. बाजूला म्हणजे गाडीच्या दाराशीच. त्या आवाजाला बाजू नव्हती.

"बाई, एक इचारू? आमच्या गटात ठरलं हुतं, औंदा समद्या बायांना कुंकू लावायचं. जिचा हाय तिला आन् जिचा गेला तिलाबी. पाहुण्यांपासनं सुरू करायचं म्हनून ओटीची साडी बी आणली हुती. पर तुमच्या कागदावर ती ओळ खोडल्याली. आमाला वाटलं, त्यांनीच नको म्हनून सांगितलं आसंल. आपुन कशी जबरी करायची?"

कागदाची माझी प्रत असलेली पर्स मी काखेत घट्ट धरली.

"त्या मागं बसल्या हुत्या ना, त्यांना बोलावून आणल्या हुत्या. पाहुण्यांना लावलं आसतं तर त्या पुढं आल्या आसत्या. उठून गेल्या बगा. जाऊ द्या. फुडच्या टायमाला."

गाडीची काच खाली होती.

राहुरी आली तशी ताईनं काच वर केली. मग म्हणाली, "कागद दाखव."

मी पर्समधून काढून दिला. तिनं चष्मा लावला, एकेक ओळ वाचली, सातव्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे पेन तुझं?"

"हो. ताई, तुला अवघड वाटू नये म्हणून. एकदा एका ठिकाणी असं झालं होतं की..."

"मला म्हणाली होतीस, सगळं."

"हो."

"टिकली काढून ठेवली होती मी सकाळी. कुंकवाच्या आड येते म्हणून." कागदाची घडी करून तिनं माझ्या मांडीवर ठेवला. "तुला जे बघवलं नसतं, ते तू खोडलंस. मला विचारायचं होतंस गं बारके."

भिंगारला उतरताना ती नेहमीसारखी म्हणाली, "पोचलीस की फोन कर." मी केला. तिनं उचललाही. पण त्यानंतर कुठल्याही कार्यक्रमाला ती आली नाही. आधी गुडघे म्हणाली, मग नातवंडाची परीक्षा म्हणाली, मग मीच विचारायचं थांबवलं.

देवळालीच्या अध्यक्षांना मी खरं काय ते कळवलं. चूक माझी, पाहुण्यांनी नको म्हटलं नव्हतं, हे बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "न्हाई हो, आमीच तोंडानं इचारायला पायजे हुतं. आमी तुमच्या कागदावर गेलो." माझ्या कागदाबद्दल कुणी बोललेलं हे सगळ्यात सौम्य वाक्य. ते मला अजून सहन होत नाही.

कागदाची पद्धत मी बदलली. आता तो आधी पाहुण्यांना जातो, त्यांनी होय म्हटल्यावर आयोजकांना. चांगली सुधारणा आहे. त्यातून ज्यांना उपयोग व्हायचा त्यांना होतो.

यंदा संक्रांतीला मी भिंगारला गेले. न कळवता. बरोबर हळदीकुंकवाची कोयरी, तिळगूळ, खण, नारळ, आणि एक आंबा रंगाची साडी. रात्री यादी केली होती, सकाळी एकेक वस्तू टिक करून पिशवीत भरली होती.

ताईनं दार उघडलं, हसली, आत घेतलं. थकल्यासारखी दिसत होती. कपाळावर काही नव्हतं. मी पिशवीतून कोयरी काढली तशी तिनं माझं मनगट धरलं. अजूनही काय पकड आहे तिची.

"नको गं."

"ताई, माझ्यासाठी."

"तुझ्यासाठीच म्हणतेस ना? म्हणून नको." मग आवाज मऊ करून म्हणाली, "घरात मला कोण अडवत होतं बारके? घरात मी लावतच होते की. मला ते चारशे बायकांत हवं होतं."

तिळगूळ घेतला तिनं. चहा केला. शाळेतल्या गप्पा काढल्या, मी पाण्याच्या बाटल्या कशा सांडायचे ते सांगून मला हसवलं. साडी आणि खण मी परत पिशवीत ठेवले.

निघायला उठले तेव्हा ती आत जाऊन देवापुढचा करंडा घेऊन आली. मी वाकले, कपाळ पुढे केलं आणि डोळे मिटले.

काही झालं नाही. डोळे उघडले तर तिनं करंड्याचं झाकण काढून तो माझ्यापुढे धरला होता.

"लावून घे तुझं तू," ती म्हणाली. "मी आता कुणाला लावत नाही."