मिरचीचे हात

परवा लेकीनं मोबाईलवर एक सिनेमा लावला. सोळा वर्षांची पोरगी, बाप पळालेला, आई अंथरुणाला खिळलेली, धाकटी भावंडं हिच्या गळ्यात. लेक मुसमुसत होती. मी म्हटलं, अगं, ही उठसूट रडतेय, मग भाकरी कधी थापते? लेक चिडलीच.

मला नाही बाई रडू आलं. मीही सोळाचीच होते. बाप सुरतेला कामाला गेला तो गेलाच. आई भिंतीकडे तोंड करून पडलेली. चार वर्षांचा भाऊ माझ्या जिवावर. मी नंदुरबारला मिरची वाळवायच्या पथारीवर देठ खुडायला जायचे. तिथून आलं की हाताला आधी तेल चोळायचं, मग धुवायचं. नुसत्या पाण्यानं तिखट जात नाही. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

शहाद्याच्या मामानं निरोप धाडला, येतोय, पोराची आबाळ होत असली तर घेऊन जातो. मामा वाईट नव्हता. पण भाऊ गेला तर मी घरी यायचं तरी कशाला? म्हणून ठरवलं, पोरगं असं दिसलं पाहिजे की मामाला बोलायला जागाच नको.

मामा यायच्या दिवशी काम अर्ध्यावर टाकून पळत घरी आले. बाटलीत चमचाभरच तेल. हाताला लावू की त्याच्या डोक्याला? हात नुसते पाण्यानं धुतले आणि तेल त्याच्या डोक्यावर खसाखसा चोळलं. भांग पाडला, गालांवरूनही हात फिरवला. असला राजबिंडा दिसत होता मेला!

मामा दारात आला आणि पोरानं टाहो फोडला. डोळे चोळी, आणखी ओरडे.

"काय व्हयनं त्याले?"

"काही नही मामा, मी सांभाळसू ना त्याले."

मामानं माझे लाल हात पाहिले. "तुन्हाकडथून नही व्हवाव, बेटा," एवढंच म्हणाला.

आई उठली नाही. मी भावाचे दोन सदरे पिशवीत भरले. काही म्हणजे काही वाटलं नाही. घड्या मात्र नीट घातल्या.

एसटीत खिडकीशी मामाच्या मांडीवर तो हुंदके देत होता. शेजारची बाई म्हणाली, "बहीनले सोडी नही ऱ्हायना, देखा!" मी खाली उभी राहून खिडकीतून त्याच्या गालाकडे हात नेला. त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.