आंबेहळदीचा लेप
आंबेहळद उगाळल्याचा वास आला की आजही माझं डोकं फिरतं. नंदनवन वस्तीतल्या आमच्या घरी पुतण्याचा डोळा सुजून काळानिळा पडला, तेव्हा माझी आत्या रोज हाच लेप लावायची. मुका मार आहे म्हणायची आणि वहिनीकडे बघायची, कारण वहिनी त्याची सावत्र आई. भाऊ नोकरीला बाहेरगावी. “भाऊजी, मी हात नाही लावला हो. त्याले डॉक्टरकडे नेऊ ना,” वहिनी मला विनवायची. “मले कोणी नाही मारलं,” पोरगंही म्हणालं. “पाहा, कसं भिऊन राहिलं लेकरू!” आत्या तिच्यावर कडाडली. “दवाखान्यात काहून नेतं वं? पोलीस केस करतं का घरावर?” मलाही वहिनीनंच मारलं असं वाटत होतं, म्हणून मी तिची बाजू घेतली नाही. डोळा पुढे यायला लागला, तेव्हा वहिनीनं कोणाला न विचारता त्याला नेलं. रक्ताचा कॅन्सर होता, त्याचीच गाठ डोळ्यामागे वाढली होती. फार उशीर केला, डॉक्टर म्हणाले. पोरगं गेलं. तेरवीला आत्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती, “सावत्र असून केलं बिचारीनं त्याचं.” केलं? अरे, तिला करू कुठं दिलं आपण! हे मी आज लिहितोय. तेव्हा त्या पंगतीत मी खाली मान घालून बुंदी वाढत होतो.