कोंड्याची काकी

कोंबड्यांचा दाणा विकत घेण्याआधी काकी तो स्वतः खाऊन बघायची. भातगिरणीत गेली की पोत्यात कोपरापर्यंत हात घालायची, तळाची मूठ वर काढायची, नाकाशी धरायची आणि मग चिमूटभर कोंडा तोंडात टाकून चघळायची. पटला तर गिळायची. नाही पटला तर तिथेच, गिरणीवाल्याच्या पायाशी, पचकन थुंकायची. "माज्या तोंडाला चालत नाय, तं कोंबडीला कसा चालंल?" हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तोंड फिरवून गिरणीबाहेर जाऊन उभी राहिले होते. गावात तिला सगळे कोंड्याची काकी म्हणत.

पनवेलकडे, नेरे गावाजवळच्या एका शाळेत माझी नेमणूक झाली आणि काकीच्या घराची मागची खोली मी भाड्याने घेतली. मी नाशिकची, ज्यांच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही अशांपैकी. काकी साठीची, आगरी, एकटी राहणारी. लेक उरणला दिलेली. तिच्या अंगणात तीसेक गावठी कोंबड्या होत्या, आणि त्यांच्या खाण्याचे पत्र्याचे ड्रम बरोबर माझ्या दाराबाहेरच्या पडवीत, विटांवर मांडलेले. एकात कणी, एकात कोंडा, एकात मक्याचा भरडा. आणि चौथ्यात सुक्या जवळ्याचा चुरा. त्या चौथ्या ड्रमाबद्दल काय लिहू? माझ्या साड्यांना, उशीला, चहालाही तो वास लागला. एकदा फळ्याकडे तोंड करून उभी असताना मागून एक मुलगी म्हणाली, "बाई, आज तुमच्याकडं जवला केला काय?" सगळा वर्ग हसला. मी घरी जाऊन तीन वेळा अंघोळ केली.

काकीच्या काटकसरीत किळस हा शब्दच नव्हता. भात झोडून झालं की सुगीतच वर्षाची कणी भरून घ्यायची, कारण तेव्हा गिरणीवाला ती जवळजवळ फुकट द्यायचा. कोंडा मात्र पंधरा दिवसांपुरताच. "कोंड्यात तेल असतं. जास्त ठेवला का खवट होतो." जवळ्याचा चुरा पनवेलच्या बाजारात एका कोळणीकडून, तिच्या टोपलीच्या तळाला उरलेला. कणीत सोंडे झाले तर मी किंचाळायची. काकी शांतपणे कणी उन्हात पसरायची आणि कोंबड्यांना बोलवायची. "किडा लागला तं कणी कोंबडीची, न किडा पन कोंबडीचाच." अंगणाच्या कोपऱ्यात ती एक मडकं शेण आणि पेंढा भरून उपडं ठेवायची. मी एकदा काय आहे म्हणून ते उचललं. आत वाळवी वळवळत होती, पांढरी, मूठ-मूठभर. ती पिल्लांची मेजवानी होती. मी दोन दिवस भात खाल्ला नाही.

खोली बदलायचं मी रोज ठरवायची. पण संध्याकाळी शाळेतून यायला उशीर झाला की काकी रस्त्यावर येऊन उभी असायची, आणि मला बघितलं की घरात वळायची. मग खोली बदलायचं राहून जायचं.

श्रावणात लेकीच्या बाळंतपणासाठी तिला उरणला जावं लागलं. नुकताच तिने मक्याचा भरडा आणला होता आणि तो थोडा ओलसर वाटतोय म्हणून कुरकुरत होती. निघताना मला तीन-तीनदा सांगितलं, "बाई, रोज झाकन उघडून ठेव. हात घाल. आतून गरम लागला तं खाटेवर पसर. पलीनं वरवर काढू नको, वरून काय कलत नाय."

मी हात घातला नाही. घालवेचना. काकी गेली त्याच दिवशी मी चारही ड्रमांच्या तोंडावर प्लास्टिकच्या पिशव्या ताणून सुतळीने बांधल्या, वरून झाकणं लावली. वास कोंडला. आठ दिवस तरी माणसासारखी झोपेन असं वाटलं. रोज सकाळी पदर नाकाला लावून लांब दांड्याच्या पळीने मी दाणा काढायची आणि अंगणात भिरकावायची. चौथ्या दिवशी भरड्यात गाठी दिसल्या. हिरवट, केस आल्यासारख्या. मी त्या पाहिल्या होत्या. पाहून पळीने फोडल्या आणि कोंबड्यांना टाकल्या, कारण ड्रम उपसायचा म्हणजे त्यात हात घालायचा.

सहाव्या दिवशी दोन कोंबड्या मान टाकून बसल्या. आठव्या दिवशी नऊ मेलेल्या होत्या. अंगणभर हिरवं पाणी हगलेलं, त्यावर माश्या. शेजारच्या बाया दारात जमल्या, एकीने तोंडावर हात मारला, "मर आली गो! आता सगल्यांच्या जातील!" मी म्हणाले, "हो, रोगच असेल." इतक्या सहज म्हणाले, की माझं मलाच नवल वाटलं.

तासाभरात कोंबड्या विकत घेणारा एक माणूस पनवेलहून टेम्पो घेऊन हजर झाला. त्याला कोणी कळवलं कोण जाणे. मर येणार म्हटल्यावर घरोघरी बाया आपल्या धडधाकट कोंबड्या पाय बांधून आणायला लागल्या, आणि तो तोंडाला येईल तो भाव सांगत त्या जाळीत कोंबत होता. काकी एसटीतून उतरून अंगणात आली ती हे सगळं चाललेलं असताना. त्याने काकीच्या कोंबड्यांकडे पाहिलं आणि म्हणाला, "मेलेल्या पण द्या, मावशी. आजच्याच आहेत ना? मसाल्यात काय कळतंय?"

"माणसांना घालनार तू ह्या?" काकीने विचारलं.

"तुम्हाला काय करायचंय? तुम्ही थोड्याच खाणार आहात?"

काकी त्याच्या पायाशी थुंकली. गिरणीत थुंकायची तशी नव्हे. मग पडवीत गेली. प्लास्टिक बघितलं, सुतळीची गाठ बघितली. गाठ माझीच होती, काकी तशी कधी मारत नसे. ती फाडून तिने भरड्यात हात घातला आणि चटका बसल्यासारखा बाहेर काढला. एक चिमूट जिभेवर ठेवली. माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, श्वास घेण्याएवढंच. आणि अंगणात येऊन मोठ्याने म्हणाली, "मर नाय आली! माजा दाना कुजला. ओला भरडा मीच झाकून गेलू, माजीच चूक. तुमच्या कोंबड्यांना काय नाय, सोडा त्यांना!"

बायांनी कोंबड्या परत मागितल्या. टेम्पोवाल्याने शिव्या दिल्या, पण दिल्या परत. मी तिला ती चूक तिच्या अंगावर घेऊ दिली. दुपारी परसात खड्डा खणून आम्ही नऊ कोंबड्या पुरल्या. काकीने मला ड्रम उपसायला लावला. मी हात घातला. आत ऊब होती, चिकट, जिवंत काहीतरी असावं तशी. मी तिथेच ओकले. मला त्या भरड्याची किळस आली असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत राहिले.

उरलेल्या कोंबड्यांना काकीने ताक-भातावर जगवलं. पण तिचं नाव गेलं ते गेलं. महिन्याभराने मी तिच्याबरोबर गिरणीत गेले होते. तिने पोत्यात हात घातला, तशी रांगेतली एक बाई म्हणाली, "काकी, रोज चाखतंस, न घरात कुजवतंस?" सगळे हसले. गिरणीवाला सगळ्यांत जास्त हसला; इतक्या वर्षांच्या थुंकण्याचं उट्टं काढत होता. काकीने हात तसाच पोत्यातून बाहेर काढला आणि पदराला पुसला. कोंडा न चाखता.

ते मला बघवेना. मी म्हणाले, "दाणा मी कुजवला. काकींनी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. बुरशी दिसत असताना मी कोंबड्यांना घातली. आणि रोग आला म्हणून खोटं बोलले."

गिरणी चालू होती म्हणून शांतता झाली असं म्हणता येणार नाही. पण हसणं थांबलं.

काकी खूश होईल असं मला वाटलं होतं. ती रस्ताभर भडकली. "कोनी सांगितला होता बोलायला? बाई हायस तू! उद्या पोरांच्या आया काय म्हनतील? मना काय, म्हातारीला चार दिस हसले असते न गप बसले असते!" मग तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी तांदळाची भाकरी आणि लसणाची चटणी आणून माझ्या दारात ठेवली. त्या दिवसापासून मी तिला 'तू' म्हणायला लागले.

पुढे माझी बदली झाली, मी पनवेलजवळच खांदा कॉलनीत राहायला आले. वर्षातून दोनदा जाणं व्हायचं, मग एकदा. गेल्या वर्षी लेकीचा फोन आला की काकीला पनवेलच्या दवाखान्यात ठेवलंय. मी शाळा सुटल्यावर गेले. ती खाटेवर इतकीशी झाली होती. इकडचं तिकडचं बोललो. मग इतकी वर्षं गिळलेलं मी विचारलं, "काकी, तेव्हा अंगणात तू मला काहीच का बोलली नाहीस?"

तिने जरा आठवलं. म्हणाली, "तुजा तोंड बघितला ना मी. त्याच्यावर आनखी काय बोलायचा?"

मी तिचा हात धरून बसले. ऊन खाली उतरलं तशी तिने हात सोडवून घेतला. "जा आता. बस चुकंल."

"चुकू दे."

"नाय, जा. घरी वाट बघत असतील."

मला घरी खरंच काम होतं. पेपर तपासायचे होते. रविवारी येते म्हणून मी उठले. ती शनिवारी गेली.

बस मला मिळाली होती. बसायला जागासुद्धा मिळाली होती.